दोन मतपत्रिका आणि भाऊसाहेब

16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौलात गोव्याच्या मतदारांनी दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांची सर्वांत मोठी मागणी फेटाळली. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून त्यांनी पक्ष उभा केला होता, निवडणूक जिंकली होती, विधानसभेत ठराव करून घेतला होता आणि शेवटी मुख्यमंत्रिपदही सोडलं होतं. लोकांनी 34,021 मतांच्या फरकाने नको म्हटलं. त्यानंतर 28 मार्चला विधानसभेची निवडणूक झाली. मध्ये जेमतेम दहा आठवडे गेले होते. या निवडणुकीत तीसपैकी सोळा जागा त्याच पक्षाला मिळाल्या आणि 5 एप्रिलला बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मग 12 ऑगस्ट 1973 रोजी मृत्यू येईपर्यंत ते त्या खुर्चीवरून हलले नाहीत.

ज्या पक्षाच्या नावातच 'महाराष्ट्रवादी' हा शब्द आहे, त्याला महाराष्ट्र नाकारून झाल्यावर लोक सत्तेवर का बसवतात? गोव्याबाहेर हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. गोव्यात विचारला जातो, पण उत्तरं बहुधा ठरलेली असतात. विलीनीकरणाचे विरोधक म्हणतात, कौल जिंकल्याच्या आनंदात आम्ही गाफील राहिलो. भाऊसाहेबांचे भक्त म्हणतात, लोकांचं त्यांच्यावर प्रेमच तसं होतं. दोन्ही उत्तरांत मतदाराला भाबडं ठरवलं आहे. माझं म्हणणं असं की त्या तीन महिन्यांत सगळ्यांत स्पष्ट विचार कोणी केला असेल, तर तो मतदारानेच. मागणी आणि मागणीमागचं कारण या दोन गोष्टी त्याने वेगळ्या काढल्या. बांदोडकरांना स्वतःला ते तोवर जमलं नव्हतं, आणि त्यांच्या टीकाकारांना तर अजूनही जमलेलं नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो कच्चा नाही. जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने साधारण साडेत्रेचाळीस टक्के मतं पडली. मार्चच्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे गोव्यातल्या रोजच्या बोलण्यातल्या 'मगो'ला, चाळीस टक्क्यांच्या आसपास मिळाली. म्हणजे तेच लोक दोनदा त्याच बाजूला उभे राहिले, आणि आपल्या निवडणूक पद्धतीने चाळीस टक्क्यांचं बहुमत करून दिलं. मग यात कोडं कसलं? अर्धं उत्तर इथे खरंच आहे. सासष्टीसारख्या तालुक्यात विरोधकांच्या मतांचे ढीग लागले, पण ढिगाला जागा थोड्याच मिळतात. मात्र दुसरी बाजू पाहा. विलीनीकरणाच्या विरोधात चौपन्न टक्के लोक गेले होते. दहा आठवड्यांनी विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला अडतीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. कौल जिंकून देणाऱ्या पक्षाकडे कौलातले सगळे मतदार टिकले नाहीत, आणि तेही विजयाचा गुलाल उतरायच्या आत. गोवा वेगळा ठेवा, पण राज्य त्या पक्षाच्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या हाती देऊ नका, असं म्हणणारा एक मोठा गट त्यात होता. 1972 मध्ये तर विलीनीकरण हा विषय निवडणुकीच्या रिंगणातून जवळपास बाहेर गेला होता. तेव्हा मगोच्या जागा अठरा झाल्या. ज्यांना विलीनीकरणासाठी मतं मिळत होती असं समजायचं, त्यांना विलीनीकरण सोडल्यावर जास्त जागा मिळाल्या. मतमोजणीच्या पद्धतीने एवढं सगळं समजावता येत नाही.

कारण शोधायला थोडं मागे जावं लागतं.

बांदोडकरांचा जन्म 1911 साली पेडण्याचा. ते गोमंतक मराठा समाजातले. ज्यांची घराणी पिढ्यान् पिढ्या देवळांच्या सेवेशी बांधलेली होती, कला आणि अवहेलना या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला वारशाने आल्या, त्या लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संघटित होऊन घेतलेलं हे नाव आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या. राजाराम पैंगीणकरांनी या समाजाच्या सुधारणेसाठी आयुष्य घालवलं आणि 'मी कोण?' या नावाने आत्मचरित्र लिहिलं. त्या काळच्या गोव्यात या शीर्षकातला प्रश्न फक्त एका माणसाचा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातल्या लोहखनिजाला परदेशातून, विशेषतः जपानमधून, मागणी आली आणि खाणींत पैसा खेळू लागला. छोट्या धंद्यातून वर आलेले बांदोडकर खाणमालक झाले, श्रीमंत झाले, आणि त्यांचा हात दानाला सैल असल्याची ख्याती पसरली. शाळा, देवळं, अडलेले विद्यार्थी, आजारी माणसं यांना त्यांनी केलेल्या मदतीच्या आठवणी गोव्यात आजही सांगितल्या जातात. त्यातल्या किती अस्सल आणि किती नंतर चिकटलेल्या, हे निवडायची गरज मला वाटत नाही. ज्या समाजात जमीन, शिक्षण आणि प्रतिष्ठा मोजक्या घरांकडे होती, तिथे खालच्या मानलेल्या जातीतला माणूस देणारा होतो, ही गोष्टच लोकांच्या लक्षात राहण्यासारखी होती.

1961 च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले तेव्हा सुमारे सहा लाखांच्या गोव्यात दोन वरचे थर होते. एक पोर्तुगीज शिकलेल्या, जमीनजुमला असलेल्या कॅथलिक घराण्यांचा, आणि दुसरा सारस्वत जमीनदार-व्यापाऱ्यांचा. धर्म वेगळे होते, एकमेकांविषयी तक्रारी होत्या, पण भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हणून दोघांचे हितसंबंध सारखेच होते. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर त्याच्या घामाचं, पण जमीन दुसऱ्याची, म्हणून मालक म्हणेल तेव्हा चूल उचलायची. शेत कसणाऱ्या कुळाचीही हीच गत होती. भंडारी, खारवी, गावडे, कुणबी, शेतकरी मराठे असा सगळा कष्टकरी गोवा या नात्यात अडकलेला होता. त्याच्यासाठी पोर्तुगीज जाणं मोठीच गोष्ट होती, पण भाटकार गेला नव्हता.

हे काँग्रेसला दिसलं नाही. डिसेंबर 1963 मध्ये प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली. काँग्रेसने प्रतिष्ठित मंडळी आणि स्वातंत्र्यसैनिक उभे केले. तुरुंगवास भोगलेल्या त्या माणसांचा त्याग खोटा नव्हता. पण मतदाराचा प्रश्न वेगळा होता आणि तो राहत्या घराखालच्या जमिनीचा होता. मगो आणि सहकाऱ्यांना सोळा जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला बारा. काँग्रेसच्या पदरी दमणची एक जागा पडली, खुद्द गोव्यात भोपळा. नेहरूंच्या हयातीत, नेहरूंच्या सरकारने मुक्त केलेल्या प्रदेशात ही स्थिती झाली. बांदोडकरांनी स्वतः ही निवडणूक लढवलीच नव्हती. मुख्यमंत्री झाल्यावर ते मडकईच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले. इतिहासकार पराग परोबो यांनी बांदोडकरांवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात या घटनेला भारतातली पहिली लोकशाही क्रांती म्हटलं आहे. 'पहिली' या शब्दावर केरळचे वाचक भांडतील आणि त्यांचं भांडण रास्त असेल. पण क्रांती या शब्दावर माझी हरकत नाही.

मग महाराष्ट्र कशाला हवा होता? इथे आपण मराठी माणसं पटकन भाषेचं उत्तर देतो, आणि ते पूर्ण खोटंही नाही. गोव्यातल्या हिंदूंचं भजन, कीर्तन, नाटक, पोथी, खाजगी शाळा हे सगळं मराठीत चालत आलं होतं. पण भाषेच्या प्रेमाने माणूस एवढ्या टोकाची मागणी करतो, हे मला पटत नाही. पेडण्याच्या शेतकऱ्याला सीमेपलीकडचं सावंतवाडी दिसत होतं. तिथे मुंबई राज्याचा कूळ कायदा लागू होता आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कसणाऱ्याला मालकी मिळण्याची प्रक्रिया सुरू झाली होती. त्याच मातीत, तेच भात पिकवणारा, कदाचित सोयरिकीतलाच माणूस मालक होत होता, आणि हा मात्र कूळच. शिवाय त्या राज्याचे नेते यशवंतराव चव्हाण शेतकऱ्याच्या घरातले. पणजीतल्या वाड्यांतून राज्य चालण्यापेक्षा मुंबईतून चाललं तर आपल्याला बरे दिवस येतील, हा हिशोब त्यामागे होता. स्थानिक मालकाच्या तावडीतून सुटायला दूरचा मोठा मालक जवळचा वाटतो, हे आपल्या इतिहासात अनेकदा घडलेलं आहे. विलीनीकरण हा बहुजनांसाठी सामाजिक सुधारणेचा सगळ्यात जवळचा रस्ता होता. बांदोडकरांनी त्या रस्त्यालाच मुक्काम समजण्याची गल्लत केली.

दुसऱ्या बाजूची भीतीही खरी होती. महाराष्ट्रात गेल्यावर गोवा एक जिल्हा होणार. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातली तरणी माणसं गिरण्यांत राबायला मुंबईला जातात आणि गावं मनिऑर्डरीवर जगतात, हे गोवेकर पाहत होता. महाराष्ट्रात दारूबंदी होती. माडाच्या सुरेवर आणि काजूच्या फेणीवर ज्यांचं पोट, त्यांना तिचा अर्थ सांगायला पुढारी लागत नव्हता. कोंकणी बोलणाऱ्याला आपली भाषा मराठीची बोली ठरवली जाणार हे दिसत होतं. त्यात बांदोडकर सरकारने महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आणले. जागा भरायला माणसं हवी होती हे मान्य, पण या अधिकाऱ्यांमुळे विरोधकांच्या हाती आयता पुरावा पडला: विलीन व्हायच्या आधीच ही तऱ्हा, तर नंतर काय?

1965 मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. बांदोडकरांचा युक्तिवाद सरळ होता: आम्ही हाच मुद्दा घेऊन निवडून आलो, बहुमत आमचं आहे, लोकांनी सांगितलेलं आहे. सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी म्हणाले, नाही. रस्ता कुठून न्यायचा हे विधानसभेचं बहुमत ठरवू शकतं, पण ती विधानसभाच उरावी की नाही हा प्रश्न लोकांनाच थेट विचारला पाहिजे.

या वादात मी सिक्वेरांच्या बाजूने आहे. बांदोडकरांविषयी आदर असूनही ही कबुली द्यावी लागते. पाच वर्षांसाठी निवडलेल्या माणसांना पाच वर्षांत परत फिरवता येणारे निर्णय घेण्याचा अधिकार असतो. विलीनीकरण परत फिरवता येणारं नव्हतं. एकदा गोवा जिल्हा झाला की पुढच्या निवडणुकीत चूक दुरुस्त करणार कोण आणि कुठल्या सभागृहात? सोळा जागांचा कौल हा राज्य चालवण्याचा कौल होता. त्यातून राज्य विसर्जित करण्याचा अधिकार काढणं ही ओढाताण होती. आणि ती ओढाताण होती हे पुढे आकड्यांनी दाखवलं.

मात्र बांदोडकरांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून सरकारने पायउतार व्हावं, अशी विरोधकांची मागणी होती. 1966 च्या डिसेंबरात बांदोडकरांचं मंत्रिमंडळ गेलं आणि राष्ट्रपती राजवट आली. संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. आपल्या सर्वांत लाडक्या मागणीवर मतदान होताना सत्ता, पोलीस आणि सरकारी गाड्या हातात नसणं कोणत्या मुख्यमंत्र्याला मानवेल? आजच्या एखाद्या मुख्यमंत्र्याला ही सूचना करून पाहावी.

प्रचाराच्या त्या महिन्यात मराठीचा जो वापर झाला तो वाचण्यासारखा आहे. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. फुलाच्या बाजूने महाराष्ट्रातले पुढारी आले, आचार्य अत्र्यांची तोफ होती, पणजीचं दैनिक 'गोमन्तक' होतं. पण दोन पानांची सर्वांत धारदार लेखणीही मराठीतच चालली. मडगावच्या 'राष्ट्रमत'मधून, चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखाली, उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर निघत होतं आणि ते हिंदू वाचकाला त्याच्याच वाचनाच्या भाषेत सांगत होतं की मराठीवर प्रेम कर, पण मुंबईच्या ताब्यात जाऊ नकोस. मराठी वाचणारा तो महाराष्ट्रवादी, हे गृहीतकच त्या सदराने मोडलं. भाषा आणि प्रशासनाची हद्द एकच असली पाहिजे हा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आलेला आपला विश्वास इतका पक्का आहे की 'राष्ट्रमत'ची भूमिका आपल्याकडे नीट समजून घेतलीच गेली नाही.

ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदान झालं. वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलाकडे गेले. सासष्टी पानांकडे, तीही प्रचंड फरकाने. हा निकाल कॅथलिक मतांनी लागला असं महाराष्ट्रात तेव्हा बोललं गेलं आणि अजून बोललं जातं. साधं गणित करून पाहू. लोकसंख्येत कॅथलिक चाळीस टक्क्यांहून कमी. त्यातला प्रत्येक माणूस मतदानाला गेला आणि प्रत्येकाने पानांवरच शिक्का मारला असं धरलं, तरी चौपन्न टक्के होत नाहीत. हिंदू मतदारांतल्या ढोबळ मानाने चौथ्या हिश्श्याने फूल नाकारल्याशिवाय हा आकडा जमत नाही. त्या चौथ्या हिश्श्यात फक्त सारस्वत होते असंही म्हणता येणार नाही. तेवढी त्यांची संख्याच नव्हती. बहुजनांतल्या काही लोकांनी भाऊसाहेबांची मागणी नाकारली, हे उघड आहे.

आणि तरीही मार्चमध्ये भाऊसाहेब परतले. माझ्या मते इथे मतदाराने बांदोडकरांचं राजकारण त्यांच्यासाठी सोडवून दिलं. विलीनीकरण गेलं, पण विलीनीकरण ज्यासाठी हवं होतं ती कामं राहिलीच होती: कुळाचं संरक्षण, गावात शाळा, कचेरीत आपला माणूस. ती करायला सिक्वेरांचा पक्ष योग्य आहे असं बहुतेकांना वाटलं नाही, कारण त्या पक्षाचा चेहरा भाटकाराचा होता. यात सिक्वेरांवर थोडा अन्याय होतो हे खरं. ते फक्त जमीनदारांचे वकील नव्हते. लोकांना थेट विचारा हा त्यांचा आग्रह गोव्याला वाचवून गेला. पण पक्ष म्हणून त्यांना कष्टकरी हिंदूपर्यंत पोहोचण्याचा रस्ता सापडला नाही, आणि तो सापडावा म्हणून त्यांनी फार धडपड केली असंही दिसत नाही.

हरण्याने बांदोडकरांचं भलं झालं, असं मी म्हणतो तेव्हा ते चमत्कारिक वाटेल. समजा, कौल उलटा लागला असता. बांदोडकर महाराष्ट्र विधानसभेत एका दूरच्या जिल्ह्याचे आमदार झाले असते. फार तर एखादं खातं मिळालं असतं. खाणी, बंदर, किनारा यांचे निर्णय मंत्रालयात झाले असते. मुंबईच्या राजकारणात पेडण्याच्या गोमंतक मराठ्याचं वजन किती पडलं असतं, याचा अंदाज कोकणातल्या इतर नेत्यांकडे पाहून करता येतो. लोकांनी त्यांची मागणी फेटाळून त्यांना एक अख्खी राज्ययंत्रणा परत दिली.

त्या यंत्रणेचं त्यांनी काय केलं? शिक्षणाचं काम सर्वांत ठळक. गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या. 1961 च्या जनगणनेत साक्षरता तीस टक्क्यांच्या आसपास होती, 1971 मध्ये ती पंचेचाळीसच्या जवळ गेली. आकड्यापेक्षाही महत्त्वाचं असं की या शाळांतून मास्तर, कारकून, तलाठी, परिचारिका झालेली कष्टकऱ्यांची पहिली पिढी निघाली. गोव्यातला आजचा बहुजन मध्यमवर्ग त्या शाळांच्या बाकांवरून उठलेला आहे. त्याच बाकांवरून पुढचं भांडणही उठलं. ज्यांना मराठीने वर आणलं त्यांना कोंकणीचा आग्रह हा पुन्हा वरच्यांचा डाव वाटला, आणि 1987 च्या राजभाषा कायद्यापर्यंत गोवा या प्रश्नावर पेटत राहिला. कोंकणीला राजभाषा करून मराठीलाही सरकारी कामात स्थान देणारी त्या कायद्यातली तडजोड हा एका अर्थाने बांदोडकरांच्या शाळांचा उशिरा आलेला निकाल आहे. 1970 मध्ये स्थापन झालेली कला अकादमीही त्यांच्याच काळातली. ज्या समाजाने गाणं सांभाळलं आणि त्यापायी बोल ऐकले, त्या समाजातल्या मुख्यमंत्र्याच्या काळात सरकारने गाण्यासाठी संस्था उभारावी, यातला न्याय वेगळा सांगायला नको.

जमिनीच्या बाबतीत मात्र त्यांचं काम अर्धवट राहिलं. 1964 च्या कूळ कायद्याने कुळाला बेदखलीपासून संरक्षण दिलं आणि खंडाला उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याची मर्यादा घातली. निम्मं पीक मालकाच्या दारात नेऊन टाकणाऱ्याला हा फार मोठा दिलासा होता. पण मालकी? ती देणारी कायद्याची पाचवी दुरुस्ती 1976 साली आली आणि मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा 1975 चा. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना. ज्या प्रश्नावर माणूस निवडून आला तो त्याच्या हयातीत का सुटला नाही? माझा तर्क असा की पहिली तीन वर्षं विलीनीकरणाने खाल्ली: महाराष्ट्रात गेलो की तिथला कायदा आपसूक लागू होईल, मग इथे वेगळी मारामारी कशाला, ही त्या काळची सोयीची समजूत असणार. नंतरची सहा वर्षं मात्र या तर्कात बसत नाहीत. त्या वर्षांसाठी भाऊसाहेबांना सूट द्यायचं कारण मला दिसत नाही.

खाणींचं तर बोलायलाच नको. भाटकाराच्या जमिनीला हात लावणाऱ्या सरकारने खाणमालकाच्या सवलतींना हात लावला नाही. पोर्तुगीज काळात दिलेले खाण परवाने 1987 मध्ये संसदेने कायदा करून रद्द करेपर्यंत चालू राहिले. खनिजांचा विषय मोठ्या प्रमाणात केंद्राच्या अखत्यारीतला आणि गोवा केंद्रशासित, ही अडचण मान्य करूनही एक गोष्ट उरते: मुख्यमंत्री स्वतः खाणमालक होते. त्या काळी कुणाला ते खटकल्याचं फारसं ऐकू येत नाही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद कराव्या लागल्या, तेव्हा जो हिशोब निघाला त्याची पहिली पानं या काळात कोरी सोडली गेली होती.

राज्य करण्याची त्यांची रीत दरबारी होती. माणूस दारात आला, गाऱ्हाणं सांगितलं, भाऊंनी तिथल्या तिथे निकाल लावला. लोकांना हे आवडायचं, कारण त्यांच्या आजोबांनी कुठल्याही सरकारच्या दारात असा निकाल पाहिला नव्हता. पण अशा कारभारात पक्ष, मंत्रिमंडळ, सभागृह या सगळ्यांना फक्त होकार भरायचं काम उरतं. 1970 मध्ये मगोच्या सात आमदारांनी बंड केलं. सरकार वाचलं ते विरोधी युनायटेड गोवन्समधल्या काही आमदारांच्या पाठिंब्यावर. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्याशी अस्तित्वाची लढाई झाली, त्यांच्यातल्याच लोकांचा टेकू घेऊन आपल्या माणसांना नमवायचं, हे राजकारण म्हणून कुशल होतं. पण विलीनीकरण हा आता दोन पक्षांमधला खरा भेद उरलेला नाही, याची ती कबुलीच होती.

त्यांच्यामागे पक्षाकडे वारस म्हणून घरातलीच व्यक्ती आली. शशिकलाताईंना कर्तृत्व नव्हतं असं मुळीच नाही. जमिनीचे दोन्ही महत्त्वाचे कायदे त्यांचे, आणि त्यासाठी वडिलांपेक्षा जास्त शत्रू त्यांनी अंगावर घेतले. पण 1979 मध्ये त्यांचं सरकार पक्षातल्या फुटीने पडलं आणि 1980 च्या निवडणुकीत मगोला फक्त सात जागा मिळाल्या. कुळाला जमीन मिळाली, मुलगा शिकला, आणि तो मतदार काँग्रेसच्या मंडळींकडे वळला. याला कृतघ्नपणा म्हणणारे भेटतात. मला तो 1967 चाच मतदार वाटतो, काम आणि काम करणारा यांचा हिशोब वेगवेगळा मांडणारा. 2022 मध्ये चाळीस जणांच्या विधानसभेत मगोचे दोन आमदार निवडून आले. त्यातली एक जागा मडकईची.

महाराष्ट्रात बांदोडकरांची आठवण कोणी काढत नाही. आपल्या लेखी ते हरलेल्या मोहिमेचे सरदार आहेत, आणि मोहीम आपली होती असं आपण धरून चालतो. म्हणून वसंतराव नाईक, वसंतदादा, अंतुले यांच्या कारकिर्दींवर भरभरून लिहिणाऱ्या मराठीत, मराठी शाळांचं जाळं विणणाऱ्या या मुख्यमंत्र्यावर महाराष्ट्रातून फार थोडं लिहिलं गेलं. त्यांना आपल्या गोटातला माणूस समजल्यामुळे ते आपल्याला दिसलेच नाहीत. ते गोव्याच्या कष्टकऱ्यांचे पुढारी होते आणि महाराष्ट्र हे त्यांच्या हातातलं एक साधन होतं, ही गोष्ट स्वीकारायला मराठी अभिमानाला जड जाते.

यातली विसंगती सीमाप्रश्नात उघडी पडते. बेळगाव-कारवारसाठी महाराष्ट्र ज्या चार तत्त्वांवर भांडत आला आहे, ती अशी: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. या वादासाठी महाजन आयोग नेमला गेला 1966 च्या ऑक्टोबरात आणि त्याचा अहवाल आला 1967 च्या ऑगस्टमध्ये. गोव्याचा कौल बरोबर या दोन तारखांच्या मध्ये लागला. राज्याच्या सीमेच्या प्रश्नावर लोकांना थेट मतपेटीपाशी नेऊन विचारण्याचा हा प्रसंग भाषावार प्रांतरचनेच्या साऱ्या इतिहासात एकटा आहे. लोकेच्छेचं तत्त्व मानणाऱ्या राज्याने तो मिरवायला हवा होता: पाहा, गोव्यात लोकांना विचारलं, उत्तर आमच्या विरुद्ध गेलं, आम्ही ते मानलं, आता बेळगावातही विचारा. सीमालढ्याच्या भाषणांत आणि पत्रकांत हा युक्तिवाद क्वचितच ऐकू येतो. गोव्याचा उल्लेख आलाच तर हुकलेली संधी म्हणून येतो, आणि ती हुकवल्याबद्दल दोष कोणाला द्यायचा यावर बोलणं संपतं.